विषय : समुद्रकाठची सहल आणि पाण्यातील सुरक्षितता

प्रेषक : सहलीस येणारी एक सभासद

सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यातील समुद्रकाठच्या सहलीसाठी आम्ही पाच जणांची नावे दिली आहेत. त्यांत नऊ आणि बारा वर्षांची माझी मुले आहेत आणि सत्तरी ओलांडलेले सासरेही आहेत. दोन्ही मुले तरणतलावात उत्तम पोहतात, तेव्हा समुद्रात त्यांची काळजी करण्याचे कारण नाही, असे घरात सर्वांचे म्हणणे आहे. माझे मन मात्र ते मानायला तयार नाही. ज्यांना समुद्राचा अनुभव आहे, त्यांनी नेमके काय पाहावे आणि काय टाळावे हे कृपया सविस्तर लिहावे. मुलांसाठी हवा भरायची होडी आणि गादी बरोबर घेण्याचा विचार आहे, त्याबद्दलही कळवावे.

कळावे.

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या मनाला वाटते आहे तेच बरोबर आहे. तरणतलावात पाणी जागचे हलत नाही, तळ दिसतो आणि काठ हाताशी असतो; समुद्रात या तिन्हींचा भरवसा नसतो.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाचा हात धरून समुद्रात उतरलो होतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस उसळत होता आणि मध्ये पंधरा-वीस पावले रुंदीचा एक पट्टा शांत, किंचित गडद दिसत होता. मुलाला लाटांचा मार नको, म्हणून मी मुद्दाम तोच पट्टा निवडला. पाणी कमरेला लागले तेव्हा टाचांखालची वाळू भराभर निघून जाऊ लागली, आणि मागे वळून पाहिले तर जिथे आम्ही कपडे ठेवले होते ती जागा बरीच लांब गेली होती. मी किनाऱ्याच्या दिशेने जिवाच्या आकांताने हातपाय मारत होतो आणि तरीही मागे मागेच जात होतो. जीवरक्षक फळी घेऊन वेळेवर पोहोचला म्हणून आज हे लिहितो आहे.

जो पट्टा मला सुरक्षित वाटला, तोच पाण्याच्या परतीचा मार्ग होता. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी माघारी जायला वाट शोधते आणि पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथे खोल खाच असेल तिथून जोराने बाहेर पडते. तिथे खोली अधिक असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून पाहणाऱ्याला ती जागा शांत भासते. गढूळ पाणी किंवा फेसाचे पुंजके समुद्राकडे वाहत जाताना दिसले, तर तीही त्याचीच खूण समजावी. धक्के, बंधारे आणि खडक यांच्या कडेने असे प्रवाह बहुधा कायमचेच असतात. त्यांचा वेग एरवी बेताचा असला, तरी सेकंदाला सुमारे २.४ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्याच्याविरुद्ध ऑलिंपिकमधील जलतरणपटूचाही निभाव लागणार नाही, मग आपल्या मुलांचे काय!

मात्र हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. जीव जातो तो बहुतेक वेळा प्रवाहाशी झुंजताना होणाऱ्या दमछाकीने. म्हणून मुलांना एवढे पाठ करून द्यावे, की ओढ जाणवताच उताणे होऊन तरंगायचे, एक हात वर करून हाक मारायची, अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने तिरके परत यायचे. घरी गादीवर पडून याचा सराव करून घेतलात तरी उपयोग होईल.

निशाणांचा अर्थ जगात बऱ्याच ठिकाणी सारखा असतो. वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन निशाणांच्या मधल्या जागेवर जीवरक्षकांचे लक्ष असते, पोहायचे ते तिथेच. नुसते लाल निशाण म्हणजे मोठा धोका, आणि दोन लाल निशाणे एकावर एक असतील तर पाण्यात जायला बंदी. जांभळे निशाण जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या जीवांसाठी असते. तरीही स्थानिक फलक वाचावा आणि जीवरक्षकाला विचारावे, "आज ओढ कुठे आहे?" हा प्रश्न विचारायला संकोच नसावा.

होडी आणि गादी कृपया घरीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असला, की काठाजवळ पाणी आरशासारखे दिसते आणि हवा भरलेली वस्तू पाहता पाहता लांब जाते. मुले ती सोडून देत नाहीत आणि मोठी माणसे तिच्यामागे धावतात. नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी फडकत असेल, तर ती सूचना नेमकी याचसाठी असते.

आपल्या सासऱ्यांना गुडघाभर पाण्यातही आधार द्यावा आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू देऊ नये, कारण किनाऱ्यावर आदळून फुटणारी लाट मोठ्या माणसालाही मानेवर पाडू शकते. पाणी ढगाळ दिवशीही उन्हापासून वाचवत नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात, तेव्हा मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

लोभ असावा.

प्रेषक : सहलीस येणारी एक सभासद

काका, आपल्या पत्राने डोळे उघडले. होडीचा बेत आम्ही रद्द केला आहे. एक शंका उरते. आम्ही काठावर बसून लक्ष ठेवणारच आहोत, मुले अडचणीत आली तर ओरडतीलच, आणि त्यांचे बाबा उडी घेऊन त्यांना आणू शकतील, एवढे पुरेसे नाही का?

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद

ताई, दुर्दैवाने बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होते, तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होत राहते, हात बाजूंना पसरून पाणी दाबत राहतात आणि शरीर उभे असते. दुरून पाहणाऱ्याला ते खेळतच आहे असे वाटते. ही धडपड २० ते ६० सेकंदच चालते. म्हणून लहान मुलाबरोबर हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस पाण्यातच हवा, आणि त्या वेळी त्याच्या हातात फोन नको. "सगळे जण बघत आहेत" याचा अर्थ पुष्कळदा कोणीच बघत नाही असा होतो, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी नावानिशी ठरवावी.

बाबांनी रिकाम्या हाताने उडी घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाचवायला गेलेलाच बुडाला, अशा घटना वारंवार घडतात. आधी जीवरक्षकाला हाक मारावी, तरंगणारी कोणतीही वस्तू मुलाकडे फेकावी आणि जावेच लागले तर तशी वस्तू बरोबर घेऊनच जावे. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर केवळ छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. आपल्यापैकी चार-पाच जणांनी सहलीपूर्वी हे प्रशिक्षण घ्यावे.

कार्यवाहांना एक विचारायचे आहे. कार्यक्रमपत्रिकेत पोहण्याची वेळ सकाळी सहाची दिली आहे. तेव्हा जीवरक्षक कामावर असतात का?

प्रेषक : कार्यवाह, सहल समिती

सप्रेम नमस्कार. चौकशी केली. त्या किनाऱ्यावर जीवरक्षक सकाळी दहाला येतात, त्याआधी तिथे कोणी नसते. गर्दी आणि ऊन टाळावे, एवढाच विचार करून आम्ही सहाची वेळ ठेवली होती, ही आमची चूक झाली. पोहण्याची वेळ आता साडेदहाची केली आहे, आणि सहाला ज्यांना यायचे आहे त्यांनी वाळूवर फिरायला यावे, पाण्यात उतरू नये. पालकांच्या पाळ्यांचा तक्ता उद्या पाठवतो. ज्यांना पहिली पाळी हवी असेल, त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवावे.