क्षयरोगाला ‘संवेदनशील’ की ‘प्रवण’?

(पुण्यातल्या तिघांची चर्चा; नावांऐवजी त्यांचे भाग दिले आहेत.)

कोथरूड: पुण्यातल्या दवाखान्यांत ठेवायच्या माहितीपत्रकात असं वाक्य आहे: ‘रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांतील बदलांमुळे काही व्यक्ती क्षयरोगाला अधिक संवेदनशील असतात.’ इथे ‘संवेदनशील’ चालेल का? की ‘ग्रहणशील’, ‘प्रवण’ यांतलं काही घ्यावं?

सदाशिव पेठ: चालणार नाही. क्षयाच्या बाबतीत हा शब्द आधीच अडकलेला आहे. ‘औषध-संवेदनशील क्षयरोग’ म्हणजे रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधांना दाद देणारा. तिथे संवेदनशील असतो तो जंतू, आणि रुग्णाच्या दृष्टीने ती बरी बातमी असते. तुमच्या वाक्यात संवेदनशील आहे माणूस, आणि बातमी वाईट. एकाच पत्रकात दोन्ही आले की वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

‘ग्रहणशील’ला कौतुकाचा सूर आहे, तो चांगल्या विद्यार्थ्याला शोभतो. ‘प्रवण’चा मूळ अर्थ उताराचा, झुकलेला. दरडप्रवण, अपघातप्रवण हे शब्द सगळ्यांच्या वाचनातले आहेत. नवले पूल अपघातप्रवण म्हटला तरी तिथून जाणारी प्रत्येक गाडी आपटत नाही. जनुकाचं काम असंच, उतार देण्याचं. माझं मत ‘क्षयप्रवण’ला.

औंध: ‘प्रवण’ पटलं, पण कशाला प्रवण ते सांगायला हवं. लागण वेगळी, आजार वेगळा. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. आपल्याला ज्या जनुकांची नीट माहिती आहे, त्यांतल्या बहुतेकांचा उतार या दुसऱ्या टप्प्यावर आहे.

टीवायके२ जनुक घ्या. त्याच्या एका भेदात, म्हणजे वेगळ्या रूपात, प्रथिनातल्या ११०४व्या जागी प्रोलीनऐवजी ॲलॅनीन असतं. आईवडील दोघांकडूनही हाच भेद आला, तर इंटरल्यूकिन-२३ या निरोप्या प्रथिनाचा निरोप प्रतिकारपेशीत नीट पोचत नाही. मग भक्षक पेशींना जंतू मारायला उठवणारं इंटरफेरॉन-गॅमा कमी तयार होतं आणि भक्षक पेशीने गिळलेला जंतू तिच्या पोटातच तग धरतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ६००मागे एकाकडे अशा दोन्ही प्रती असतात. हा आकडा पुण्याच्या पत्रकात उचलून घालू नका.

आणि काही ठिकाणी ‘प्रवण’ फारच मवाळ पडतो. याच निरोपसाखळीतलं आयएल१२आरबी१ किंवा आयएफएनजीआर१ जनुक निकामी असेल, तर जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजी लसीतले दुबळे केलेले जंतूसुद्धा बाळाच्या अंगात पसरू शकतात. तिथे ‘जन्मजात प्रतिकारदोष’ असंच लिहावं. उलट जंतूंचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या एचएलए जनुकांतले भेद घराघरांत असतात, त्यांचा एकेकट्याचा परिणाम लहान असतो आणि एका लोकसमूहात दिसलेला संबंध दुसऱ्यात दिसेलच असं नाही.

सदाशिव पेठ: म्हणूनच मूळ वाक्यातला ‘बदल’ही खटकतो. बदल म्हटलं की आयुष्यात मध्येच काहीतरी बिघडलं असं वाटतं. हे जन्मापासून असतं, तेव्हा ‘जनुकीय भेद’ लिहा. ‘उत्परिवर्तन’ दुर्मीळ, घातक प्रकारांसाठी राखून ठेवा. लोकसमूहात १ टक्का किंवा अधिक प्रमाणात आढळणाऱ्या भेदाला ‘बहुरूपता’ म्हणायचा प्रघात आहे, पण तो शब्द पत्रकात नको.

कोथरूड: मग असं? ‘काही व्यक्तींमध्ये जन्मतः असलेल्या जनुकीय भेदांमुळे, क्षयाची लागण झाल्यावर आजार होण्याची शक्यता वाढते. क्षयरोग हा आनुवंशिक आजार आहे असा याचा अर्थ नाही.’

औंध: दुसरं वाक्य ठळक छापा. ‘आनुवंशिक’ वाचलं की घराण्यात दोष शोधतात, मुलीचं लग्न अडतं. एका घरात दोन रुग्ण निघाले तर आधी एकाच खोलीतली हवा आठवावी: घरातल्या सगळ्यांची तपासणी, खिडक्या उघड्या. त्याच परिच्छेदात कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही आणि तंबाखू हेही घाला, कारण त्यांवर काही करता येतं. आणि ‘अनुवंशिक’ नको. अनुवंशला ‘इक’ लागला की पहिला स्वर दीर्घ होतो, ‘आनुवंशिक’.