फोन आला की इंटरनेट का थांबते?

प्रश्न (ऊसकरी):
माझ्या फोनवर एरवी फोरजीची खूण दिसते आणि इंटरनेटही नीट चालते. मात्र कुणाचा फोन आला की तिथे 'ई' हे अक्षर येते आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट बंद राहते. परवा यूपीआयने खताचे पैसे देताना नेमका असाच फोन आला आणि व्यवहार मध्येच लटकला. पत्नीच्या फोनमध्ये त्याच कंपनीचे सिम आहे, तिला हा त्रास होत नाही. दोष टॉवरचा समजावा की फोनचा?

उत्तर (तारायंत्र):
टॉवरचा खचितच नाही. 'ई' म्हणजे एज, टूजीवरच्या इंटरनेटची खूण; म्हणजे कॉल येताच आपला फोन टूजीवर उतरतो. टूजीमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये, 200 किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीचे वेळेनुसार आठ भाग पाडतात आणि बोलणाऱ्यासाठी त्यांतला एक राखून ठेवतात; आपण गप्प बसलो तरी तो सहसा आपल्याच नावावर राहतो. फोरजी आखताना ही राखीव जागेची पद्धत सोडून दिली आणि सारा मजकूर इंटरनेटप्रमाणे पाकिटांतून पाठवायचे ठरले, त्यामुळे आवाजासाठी व्हीओएलटीई ही वेगळी व्यवस्था उभारावी लागली. ती ज्या फोनमध्ये नसते किंवा बंद असते, त्याला कॉल येताच जाळे खालच्या पिढीवर उतरवते. थ्रीजीवर उतरलात तर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही चालते. पण आता अनेक भागांत थ्रीजी उरलेले नाही, आणि टूजीवर बहुतेक फोनना दोन्ही एकदम जमत नाही. 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतेच, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून व्हीओएलटीईवरच भिस्त ठेवावी लागली. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर हा पर्याय चालू आहे का, ते पाहावे.

उत्तर (जुना रेडिओ):
फोन रेडिओजवळ ठेवून पाहा. कॉल येताना 'टर्र टर्र' असा आवाज आला, तर फोन टूजीवर उतरला असे खुशाल समजा. आठ भागांचा तो फेरा सेकंदाला सुमारे 217 वेळा होतो आणि फोन प्रत्येक फेऱ्यात आपल्या पाळीपुरताच प्रक्षेपण करतो. त्याचे हे झटके रेडिओ पकडतो. थ्रीजीत पाळ्या नसून प्रत्येकाला वेगळा संकेत दिलेला असतो आणि प्रक्षेपण सलग चालते, त्यामुळे ही टरटर होत नाही. (आमच्या घरी घंटीआधी रेडिओच वर्दी देत असे.)

ऊसकरी:
पर्याय बंदच होता, तो चालू केला. आता बोलताना इंटरनेट चालते आणि आवाजही स्वच्छ आहे. मात्र बोलत बोलत विहिरीकडच्या शेतात गेलो की पुन्हा 'ई' येते, पण कॉल तुटत नाही. हे कसे?

तारायंत्र:
तिथे फोरजी क्षीण होत असणार. अशा वेळी जाळे चालू कॉल न तोडता टूजीच्या राखीव भागावर सोपवते. परत फोरजीकडे येणे सहसा बोलणे संपल्यावरच होते, त्यामुळे तिथून पैसे पाठवायचे असतील तर आधी फोन ठेवावा.