खेळ कुणाच्या नावावर? आई-बाप आणि मुलांच्या सामायिक गेम लायब्ररीचे अनुभव

बेळगावच्या अनगोळहून, एक बाबा (धागा सुरू करतोय)

मुलाला हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली. होस्टेलला जायच्या दोन दिवस आधी गादीची गुंडाळी बांधता बांधता तो म्हणाला, "बाबा, माझे गेम मला कसे देणार?"

मी म्हटलं, "घेऊन जा की."

मग त्यानं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि यादी उघडून दाखवली. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात, घेतलेले चौसष्ट गेम, सगळे माझ्या नावच्या खात्यात. तो नऊ वर्षांचा असताना ते खातं मी काढलं होतं, कारण १३ वर्षांखालच्या मुलाला तिथं स्वतःचं खातं काढता येत नाही. पहिला गेम त्याच्या वाढदिवसाचा. पुढं गणपती, दिवाळी, उन्हाळी सुट्टीतला सेल, आजीनं हातावर ठेवलेले पैसे, असं करत साठत गेले. निम्म्याहून जास्त पैसे त्याचेच. तो तेराचा झाला, सोळाचा झाला, पण त्याचं वेगळं खातं काढावं हे आमच्या घरात कुणालाच सुचलं नाही.

आता चौकशी केल्यावर कळलं की एका खात्यात घेतलेला गेम उचलून दुसऱ्या खात्यात टाकता येत नाही. आपण पैसे देऊन घेतो तो खेळायचा परवाना, आणि तो ज्या खात्यावर घेतला त्या खात्याचाच राहतो. अख्खं खातंच मुलाला देऊन टाकावं म्हटलं, तर करारात तेही बसत नाही. शेताच्या उताऱ्यावर वारसाचं नाव चढतं, इथं चढत नाही. नऊ वर्षं मुलानं जपलेली गोष्ट त्याची नाही, हे त्याला सांगताना मला फार जड गेलं.

म्हणून विचारतोय. तुमच्याकडे खातं कुणाच्या नावावर आहे? पैसे कोण भरतं? काय खेळायचं ते कोण ठरवतं? मूल मोठं झालं तेव्हा काय केलंत? मुलांनीही लिहा. त्यांची बाजू मला जास्त ऐकायची आहे.

निपाणीहून, एक आई

आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, सगळं माझ्या मोबाईलवर. मुलगी सहावीत. गुगल प्लेवर मी फॅमिली ग्रुप केला आहे, त्यात माझ्याशिवाय आणखी पाच जण घेता येतात. पैसे देऊन घेतलेला गेम फॅमिली लायब्ररीत टाकला की तिच्या टॅबवरही उतरतो. हे मला आवडलं, एकच वस्तू दोनदा विकत घ्यायला नको.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली. गेमच्या आत जे हिरे, नाणी, कपडे घेतात, ते लायब्ररीत येत नाहीत. ज्याच्या खात्यावर घेतले त्यालाच. तिनं माझ्या मोबाईलवर एका गेममध्ये असंच घेतलं होतं. दूधवाल्याला पैसे पाठवताना मागं उभं राहून माझा यूपीआय पिन तिनं पाठ केलेला. चार दिवसांत २,३४० रुपये गेले. बँकेचे मेसेज आले होते, पण शाळेच्या परीक्षेच्या गडबडीत मी बघितलेच नाहीत. आणि ते हिरे तिच्या टॅबवर आलेच नाहीत, म्हणून ती रडत माझ्याकडे आली. तेव्हा मला समजलं.

मी ओरडले नाही. तिला घेऊन बसले आणि एकेक मेसेज मोठ्यानं वाचायला लावला. १९९, ४४९, परत १९९. तिसऱ्या मेसेजला ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे एवढं झालं?" त्या पोरीला खरंच अंदाज नव्हता. पडद्यावर तिला हिरे दिसत होते, रुपये दिसत नव्हते.

पिन त्याच दिवशी बदलला. आता तिचं खातं माझ्या ग्रुपमध्ये आहे, काहीही घ्यायचं तर आधी विनंती माझ्याकडे येते. माझ्या मोबाईलवरही प्रत्येक खरेदीला ओळख पटवायची सेटिंग लावली आहे. सगळ्या आयांना कळकळीनं सांगते, ही सेटिंग आजच बघा. आणि गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा वयाचा आकडा असतो, तोही बघत जा.

वडगावहून, उद्यमबागेत कामाला

माझी फाउंड्रीत शिफ्ट असते. सेकंड शिफ्ट संपवून रात्री घरी आलो की अर्धा तास शेतीचा गेम खेळायची मला सवय. गावाकडची जमीन भावकीत गेली, तेव्हा हे मनाला बरं वाटतं. दोन वर्षं लावून मी त्या गेममध्ये ऊस, गोठा, दोन ट्रॅक्टर असं उभं केलं होतं.

मुलगा माझ्याच खात्यानं खेळायचा. एक दिवस त्यानं "नवीन गेम" दाबलं आणि माझ्याच जागेवर सेव्ह केलं. मी आलो तर मोकळं माळरान. पोरगं दाराआड उभं होतं. तोंडातनं शब्द फुटत नव्हता त्याच्या. "पप्पा, मला वाटलं माझं वेगळं ऱ्हाईल."

त्याचं काय चुकलं? वेगळं ठेवायची सोय असताना मीच केली नव्हती.

स्टीमवर पूर्वी, २०१४ सालापासून, लायब्ररी शेअर करता यायची, पण एक जण खेळायला बसला की दुसऱ्याला ती अख्खी लायब्ररी बंद. शिफ्टवाल्या माणसाला ते जमायचंच नाही. २०२४ च्या सप्टेंबरात स्टीम फॅमिलीज सगळ्यांना खुलं झालं आणि माझा प्रश्न मिटला. एका घरातले सहा जण. प्रत्येकाचं खातं वेगळं, सेव्ह वेगळं. तो माझ्या लायब्ररीतला क्रिकेटचा गेम खेळत असताना मी शेतीचा खेळू शकतो. दोघांना एकाच वेळी तोच गेम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. आम्ही शेतीच्या दोन घेतल्या, दुसरी सेलमध्ये.

आणखी एक बघून ठेवा. सगळेच गेम शेअर होत नाहीत, काही कंपन्यांनी परवानगी दिलेली नसते. मुलासाठी म्हणून घेणार असाल तर आधी दुकानाच्या पानावर फॅमिली शेअरिंग लिहिलंय का ते वाचा. चुकून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. मी एकदा मागितलेत, मिळाले.

खानापूरहून, वय १७

मुलांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितेय.

आमच्या घरी अप्पांनी मला स्टीम फॅमिलीत "मूल" म्हणून घातलंय. म्हणजे कुठले गेम मला दिसावेत ते अप्पा ठरवतात, दिवसाचे तास ठरवतात, मी किती खेळले तेही त्यांना दिसतं. गेम हवा असेल तर मी कार्टमध्ये टाकून विनंती पाठवते, अप्पा मोबाईलवरनं पैसे भरतात. मला स्वतःहून त्या फॅमिलीतनं बाहेर पडता येत नाही, मोठ्यांनीच काढावं लागतं.

सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. तासांचा नाही, बघण्याचा. दहावीच्या सुट्टीत मी रात्री दीडपर्यंत खेळले होते. सकाळी अप्पा काही बोलले नाहीत, फक्त चहा देताना "डोळे लाल झालेत" म्हणाले. त्यांनी बघितलंय हे मला कळलं आणि त्यांना मला कळलंय हे कळलं. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं. मैत्रिणीशी भांडण झालं होतं, झोप येत नव्हती, म्हणून खेळत होते. हे मी त्यांना दोन महिन्यांनी सांगितलं.

तेव्हापासून आमचं ठरलंय. रविवारी सकाळी दोघं मिळून तो आठवड्याचा तक्ता बघतो. माझा आधी, मग त्यांचाही. अप्पा बुद्धिबळ किती खेळतात ते मलाही कळायला पाहिजे ना! मध्ये त्यांच्या आकड्याकडे बघून आज्जी "साकु, साकु" म्हणाली, म्हणजे पुरे झालं.

निपाणीच्या काकूंना एक सांगायचंय. मोबाईलवरच्या सूचना मराठीत करून घेता येतात, पण स्टीमवर मराठीही नाही आणि कन्नडही नाही. अप्पांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन विनंत्या त्यांनी न वाचताच मंजूर केल्या, कारण मला विचारायला त्यांना अवघड वाटलं. आता मी विनंती पाठवायच्या आधी गेममध्ये काय आहे, मारामारी किती आहे, किंमत किती आहे हे मराठीत लिहून त्यांना व्हॉट्सॲप करते. चार ओळी. ते वाचून मगच हो किंवा नाही. एकदा नाही म्हणाले आणि कारणही चार ओळीत लिहून पाठवलं. तो मेसेज मी ठेवलाय.

चिकोडीहून, एक बाबा

थोडक्यात, पण महत्त्वाचं. स्टीम फॅमिलीतल्या कुणी तुमचा गेम खेळताना चीटिंग केलं आणि त्याच्यावर बंदी आली, तर ज्याचा गेम आहे त्याच्यावरही त्या गेममध्ये बंदी येते. माझ्या पुतण्यानं मित्राकडनं कसला तरी प्रोग्रॅम आणून चालवला. माझा गेम, माझी बंदी. पुतण्या चांगला पोरगा आहे, त्याला याचा परिणाम माहीतच नव्हता. आत घेण्याआधी हे प्रत्येकाला तोंडानं सांगा.

दुसरं म्हणजे घाईनं कुणाला जोडू नका. कुणी बाहेर पडलं तर ती जागा एक वर्ष रिकामी ठेवावी लागते. आणि मोठ्या माणसाला सामील झाल्यापासून वर्ष होईपर्यंत दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही. लग्न ठरलेल्या बहिणीला जोडलं होतं, त्यावरनं हे कळलं.

कणकुंबीजवळून

आमच्याकडे पाऊस लागला की चार-चार दिवस नेट नाही, लाईटही जाते-येते. म्हणून जूनच्या आधीच खानापूरला भावाच्या घरी लॅपटॉप नेऊन गेम उतरवून घेतो आणि ऑफलाईन चालतात ना ते तिथंच तपासतो. मुलांनी काय उतरवायचं याची यादी मे महिन्यात वहीत लिहायची, प्रत्येकी तीन. डिस्कवर जागा तेवढीच आहे. त्या यादीवरनं होणारी भांडणं मी सोडवत नाही, तीच सोडवतात.

शहापूरहून, एक आजोबा

माझं वय ७१. नातवासाठी प्लेस्टेशन आणलं तेव्हा मी डिस्कच घ्यायचा आग्रह धरला. मुलगा म्हणाला, आता कुणी डिस्क घेत नाही. पण डिस्क नातू मित्राला देतो, मित्र त्याची ह्याला देतो, खेळून झाली की खडे बाजारात विकून दुसरी आणतो. आम्ही वाचनालयातनं पुस्तकं आणायचो तसंच हे. हातातनं हातात जाणारी वस्तू मुलाला जबाबदारी शिकवते असं माझं मत आहे. ओरखडा आला तर मित्राला तोंड दाखवायचं असतं.

मुलाच्या खात्यावरचे डिजिटल गेमही आहेत. पीएस-५ वर शेअरिंग चालू ठेवलं की त्याच यंत्रावर नातू स्वतःच्या नावानं ते खेळतो. पण ही सोय एका वेळी एकाच यंत्रावर चालते. मुलगा बेंगळूरला दुसरं यंत्र घेणार आहे, तेव्हा ती सोय कुठल्या घरी ठेवायची हा प्रश्न येईल. मी सांगून ठेवलंय, पोरगं जिथं आहे तिथं ठेवा.

अनगोळच्या भाऊंना, तुमची कळकळ पोचली. त्या चौसष्टची यादी नुसती बघू नका. मुलाबरोबर बसून प्रत्येकापुढं लिहा, हा कधी घेतला, कुणी पैसे दिले.

अनगोळहून, परत

आजोबांचं ऐकलं. मुलगा शनिवारी हुबळीहून आला, जेवणं झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. खरेदीच्या पावत्या खात्यात तारखेसकट सापडतात. पहिला गेम, वाढदिवस, मी. सातवा, आजीचे ५०० रुपये. तेविसावा, चित्रकला स्पर्धेचं बक्षीस. एकतिसावा लॉकडाऊनमधला, मी घरी बसून होतो, पगार नव्हता, तरी त्यानं साठवलेल्या पैशातनं दोघांनी मिळून खेळायचा गेम घेतला होता. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून घेतला होता," म्हणाला. मला तो गेम आठवत होता, कुणाच्या पैशानं आला ते आठवत नव्हतं. चौसष्टपैकी एकोणचाळीसपुढं त्याचं नाव लागलं.

आता त्याचं स्वतःचं खातं काढलंय आणि ते आमच्या फॅमिलीत मोठा माणूस म्हणून जोडलंय. नियम एका घराचा आहे, म्हणून कॉम्प्युटर अनगोळलाच ठेवलाय, तो शनिवार-रविवार इथं येऊन खेळतो. इथून पुढं त्याचे गेम त्याच्या खात्यावर, त्याच्या पैशानं. धाकटी अकरा वर्षांची आहे. ती तेराची होईल त्या वाढदिवसाला तिचं खातं काढायचं, हे वहीच्या शेवटच्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून खाली आम्हा तिघांच्या सह्या घेतल्यात.

एकतिसावा गेम परत उतरवायला लावलाय. अजून चार जीबी बाकी आहे.