टर्बोला व्हॅक्यूम होज कुठले घालायचे? सगळीकडं सिलिकॉन की जागा बघून?

आरएसवाला_राजारामपुरी:
रामराम मंडळी. गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं २० व्हॉल्ववालं टर्बो इंजिन, १५० पीएस, जिवापाड जपलीय. पाऊस उघडल्यापासून सकाळी स्टार्ट केली की आयडल (गाडी उभी असताना इंजिनचे फेरे) ७०० ते ११०० आरपीएम नाचायला लागतं, स्कॅनरवर पी०१७१ हा फॉल्ट कोड येतोय म्हणजे मिक्श्चर पातळ, हवा जास्त पेट्रोल कमी, आणि हायवेला दाबली तर बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) येतोय पण जांभया देत देत. काल बॉनेट उघडून बसलो आणि इंजिनला हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली हात घातला, तिथं ते कापडी विणीचे बारके व्हॅक्यूम होज, म्हणजे हवेच्या नळ्या असतात, त्यातला एक नुसता चिमटीत धरला तर भाजक्या शेंगेच्या टरफलासारखा चुरा झाला हातात. वरनं कापड एकदम टकाटक, आतलं रबर कधीच वर गेलेलं. वीस वर्षं झाली, रबरानं तरी किती सोसायचं. पुढचा जोड तर कुठल्यातरी मिस्त्रीनं सायकलच्या व्हॉल्व ट्यूबनं मारलेला, मला हसावं का रडावं कळंना.

आता गल्लीतला मित्र म्हणतोय अख्ख्या इंजिनला लाल सिलिकॉनचा किट घाल आणि मोकळा हो. माझं मत वेगळं आहे. होज रंगावरनं नाही, आतनं काय जातंय त्यावरनं घ्यायचा. वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप), एन७५ (वेस्टगेट चालवणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व), डायव्हर्टर व्हॉल्व, बूस्ट गेज, इथं कोरडी हवा असते, तिथं सिलिकॉन बिनधास्त. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरमधनं तेलाची वाफ जाते आणि टाकीतली वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरच्या लाइनमधनं पेट्रोलची, तिथं सिलिकॉन अजिबात नको. आणि व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरची लाइन हा तर वेगळाच विषय. चुकत असेन तर फोडा मला.

लालभडक_टर्बो:
भावा एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर आज कलेक्टर असतास 😂 मी सहा वर्षांपूर्वी सगळं सिलिकॉन घातलंय, सगळं म्हणजे सगळं, ब्रीदरसकट. आंबा घाट, गगनबावडा, फोंडा, कुठं नाही नेली गाडी, आजपर्यंत एक होज फाटला नाही. रबर आपल्याकडच्या उन्हात आणि टर्बोच्या शेजारी किती टिकणार तूच सांग. सिलिकॉन १८० डिग्रीला पण हूं का चूं करत नाही. एकदाच खर्च, विषय एंड.

आरएसवाला_राजारामपुरी:
उष्णतेचं मान्य, त्यात वादच नाही. पण एक काम कर, तुझा ब्रीदरचा होज बाहेरनं बोटानं पूस आणि बोट बघ.

लालभडक_टर्बो:
तेलकट आहे थोडं, मग काय, इंजिन आहे ते, देवघर नाही.

सीएनसी_शिरोली:
तुम्ही लोक उगं पैसे घालवालाय. आमच्या शॉपमध्ये न्यूमॅटिकचा (दाबाच्या हवेचा) निळा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा पाइप ढिगानं पडलाय, १० बारला चालतो तो, तुमचा टर्बो अर्धा-पाऊण बार देतो. मी माझ्या गाडीला ६ एमएमचा तोच घातलाय, वर वन टच फिटिंग, क्लिपपण लागत नाही. खटक्यावर बोट जाग्यावर पलटी.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
दादा, तो १० बार कुठल्या तापमानाला लिहिलाय ते बघितलंय का? पीयूचं रेटिंग साध्या खोलीच्या तापमानाचं असतं आणि ६० डिग्रीच्या आसपास त्याचा जीव जायला लागतो. सीएनसी मशिनच्या मागं पंख्याच्या वाऱ्यात तो जन्मभर टिकेल, बॉनेटखाली टर्बोशेजारी तो शेवयांसारखा मऊ होणार. आणि इथं प्रश्न नुसता फुटण्याचा नाही. आयडलला आत व्हॅक्यूम असतो, मऊ पाइप आतल्या आत चिकटतो. थंड झाला की परत गोल. म्हणजे गॅरेजला नेईपर्यंत फॉल्ट गायब, मग मिस्त्री म्हणणार ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला.

सीएनसी_शिरोली:
ताई... गेल्या महिन्यात कागलच्या अलीकडं गाडी लिंप मोडला (ईसीयू ताकद कमी करतो ते) गेलेली, चहा पिऊन आलो तर बरी झालेली. मी म्हटलं चहाचा गुण.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
😄 चहाचाच, पाइप थंड झाला तेवढ्यात.

मी चौदा वर्षं रबरातच आहे म्हणून थोडं लांबण लावते. लोक 'रबर' एकच समजतात आणि सगळा घोळ तिथनं सुरू होतो. एनबीआर म्हणजे नायट्राइल रबर, ते तेला-पेट्रोलाला चांगलं, पण हवेतला ओझोन त्याला खातो, आणि कसा खातो तर होज जिथं निपलवर (जोडाच्या बारक्या तोंडावर) ताणून बसवलाय बरोबर तिथंच आडव्या बारीक चिरा पडतात, बाकी होज नव्यासारखा. ईपीडीएम हे दुसरं रबर, ते उन्हाला, ओझोनला, कुलंटला भारी, पण तेल लागलं की फुगतं. सिलिकॉन उष्णतेचा राजा, पण दोन खोडी आहेत. एक, पेट्रोल आणि तेल त्याला चालत नाही, फुगतं, मऊ पडतं आणि वाफ त्याच्या भिंतीतनं आरपार पाझरते, लालभडक दादांच्या बोटाला लागलं ते हेच. दोन, त्याला चिरण्याची ताकद कमी, क्लिपच्या कडेनं एकदा नख लावल्यासारखी खाच पडली की ती पळत सुटते. ब्रीदर आणि पेट्रोलच्या वाफेला एफकेएम (फ्लुओरिनवालं रबर) घ्या, बाजारात व्हायटॉन म्हणतात ते. महाग आहे, पण लागतं किती, अर्धा मीटर. आतनं फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेले सिलिकॉन होज पण मिळतात, ते चालतील, पण साधा लाल होज दाखवून कुणी 'अस्तर आहे' म्हटलं तर कापून दोन थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनं_ते_सोनं_गंगावेस:
एवढं सगळं कशाला. कंपनीच्या इंजिनिअरनी जो होज लावलाय तोच परत लावायचा, ३.५ एमएम कापडी विणीचा. ते काय वेडे होते? आम्ही आमच्या वडिलांची गाडी आजही ओरिजिनलवर चालवतोय.

आरएसवाला_राजारामपुरी:
काका ओरिजिनलला नाव नाही ठेवत, वीस वर्षं म्हणजे थोडकी नाहीत. पण ते कापडच वैरी आहे हो, वरनं झाकून ठेवतं, आत चिरा पडल्या तरी दिसत नाही. आणि 'ओरिजिनल जुना स्टॉक' म्हणून जे मिळतं ते रबर दुकानाच्या फळीवर पण म्हातारं होतंच की. परवाच एकानं पिशवीतला नवाकोरा म्हणून दाखवला, वाकवला तर कडक, वाळल्या पापडासारखा कट्ट आवाज.

जुनं_ते_सोनं_गंगावेस:
मग ताजा घ्यावा. तुमची निवड चुकली म्हणून वस्तू वाईट होत नाही. आणि मापाचं काय? हे सिलिकॉनवाले ३.५ मिळाला नाही की ४ घालतात, ४ नाही मिळाला की ५ घालून वरनं झिप टाय आवळतात. तुमच्या त्या आधुनिक मालानंच जास्त गाड्या बंद पडलेल्या बघितल्यात मी.

आरएसवाला_राजारामपुरी:
हे मात्र शंभर टक्के. सैल होज आयडलला चालतो, कारण व्हॅक्यूम त्याला आत ओढून धरतो, बूस्ट आला की निपलवरनं उडतो. आणि उडणारा होज वेस्टगेटचा असला तर मग विचारू नका, ॲक्च्युएटरला प्रेशर पोचत नाही, वेस्टगेट बंदच राहतं, बूस्ट चढत जातो आणि ईसीयू घाबरून गळा दाबतो. होज निपलपेक्षा किंचित बारीक पाहिजे, बसवताना बोटं दुखली तर समजायचं बरोबर आणलाय.

मिसळ_आणि_बूस्ट:
मध्येच विचारतो, माझ्या गाडीला ॲक्सिलरेटर सोडला की स्तुस्तुस्तुस्तु असा आवाज येतोय सिलिकॉन घातल्यापासनं, नाद खुळा वाटतंय, पोरं वळून बघतात 😎 हे त्या होजमुळं का?

आरएसवाला_राजारामपुरी:
डायव्हर्टर व्हॉल्वची बारकी लाइन बघ आधी. थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम त्या लाइननं व्हॉल्व उघडतो आणि अडकलेली हवा परत टर्बोच्या तोंडाला जाते. लाइन लीक किंवा चिकटलेली असली की व्हॉल्व उघडतच नाही, हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांवरनं उलटी फिरते. तो तुझा नाद खुळा म्हणजे टर्बोचं बेअरिंग कण्हतंय.

मिसळ_आणि_बूस्ट:
आयला. आणि मी रील टाकलंय त्याचं.

लालभडक_टर्बो:
बरं माझा मुद्दा तसाच आहे. तुम्ही पुस्तकातलं बोलालाय, मी गाडीतलं बोलतोय. सहा वर्षं. सहा.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
दादा, सगळं म्हणजे ब्रेक बूस्टरचा पण का?

लालभडक_टर्बो:
हो मग. १२ चा. मॅचिंग पाहिजे ना.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
आतनं धाग्याची वीण आहे का नुसतं सिलिकॉन?

लालभडक_टर्बो:
नुसतं... मऊ आहे, छान वळतो.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
मग हात जोडून सांगते, बाकी सगळं लाल ठेवा, हिरवं ठेवा, हा एक आजच काढा. ३-४ एमएमच्या होजला भिंत जाड आणि भोक बारीक, तो व्हॅक्यूमला दबत नाही. १२ एमएमचा बिनविणीचा गरम होज वळणावर दबतो. पेडल एकदम दगडासारखं होतं, तेही नेमकं घाट उतरताना, जिथं तुम्ही सारखा ब्रेक मारता आणि बूस्टरला परत परत व्हॅक्यूम लागतो. सहा वर्षं झालं नाही हे तुमचं नशीब, होजचा गुण नाही.

जुनं_ते_सोनं_गंगावेस:
इथं मी ताईंच्या बाजूनं. आणि त्या लाइनीतला वन वे व्हॉल्व पण नवा घाला, तो गेला तर बूस्ट बूस्टरमध्ये शिरतो.

लालभडक_टर्बो:
...हे मला किटवाल्यानं सांगितलं नव्हतं.

वाय_पी_पोवारनगर:
मी व्हॅक्यूमचं गेज लावलंय, आयडलला १७ इंच (पाऱ्याचे) दाखवतंय. मॅन्युअलमध्ये १८ ते २२ लिहिलंय. सगळे होज बदलून झाले, दोनदा. आता काय बदलू?

आरएसवाला_राजारामपुरी:
गाव बदल 😂 अरे कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे अठराशे फूट धर. दर हजार फुटाला साधारण इंचभर कमी दिसतंच. १७ ला काटा स्थिर असेल तर गाडी उत्तम आहे, रत्नागिरीला नेऊन बघ, तिथं वाढलेला दिसेल. काटा थरथरत असेल तर मात्र बोलू.

वाय_पी_पोवारनगर:
स्थिर आहे. दोन किट फुकट गेले म्हणायचे.

सीएनसी_शिरोली:
लीक शोधायला मी कार्ब क्लीनर मारत होतो, जिथं आरपीएम वाढला तिथं लीक.

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
गरम टर्बोवर कार्ब क्लीनर मारू नका हो, जाळ आणि धूर संगटच होईल, खरोखरचा. धुराची टेस्ट करा गॅरेजमध्ये, इंजिन बंद ठेवून, लाइनीत धूर सोडायचा, जिथनं बाहेर आला तिथं लीक.

आरएसवाला_राजारामपुरी:
अपडेट. उद्यमनगरात एका ओळखीच्या गॅरेजला धुराची टेस्ट केली. पहिला धूर अपेक्षेप्रमाणं मॅनिफोल्डखालनं, त्या टरफल झालेल्या होजमधनं. दुसरा धूर कुठनं आला तर इंजिनचं तेल बघायच्या डिपस्टिकमधनं! मिस्त्री पण गप्प झाला. मग ब्रीदर आणि मॅनिफोल्डच्या मधला वन वे व्हॉल्व काढून तोंडानं फुंकला, एका बाजूनं जाते, दुसरीकडनं नाही, म्हणजे व्हॉल्व धडधाकट. पण तो बसवलेला उलटा! सायकल ट्यूबवाल्या त्याच कलाकाराचं काम असणार. म्हणजे इतके दिवस अर्धा बूस्ट इंजिनच्या पोटात तेलावर फुंकर घालत बसलेला, म्हणून जांभया. आयडलचा नाच फुटक्या होजमुळं, कारण मॅनिफोल्डला ती हवा एअर फ्लो सेन्सरला न विचारता आत येत होती.

आता घातलंय असं: कोरड्या लाइनींना ३.५ चं जाड भिंतीचं काळं सिलिकॉन, स्प्रिंग क्लिपा, स्क्रूच्या पट्ट्या नाहीत. टर्बोजवळच्या दोन लाइनींवर उष्णतेची चांदीची जाळी. ब्रीदर आणि कॅनिस्टरला एफकेएम. ब्रेक बूस्टर ओरिजिनल, काकांचं ऐकून. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या लाइनला पण एफकेएमच, तिचा होज ओढून वास घेतला, पेट्रोलचा वास नव्हता म्हणजे आतला डायफ्राम (पडदा) ठीक आहे, पण उद्या तो फाटला तर त्याच होजमधनं पेट्रोल येणार. आज सकाळी आयडल ८०० ला खिळा ठोकल्यागत.

जुनं_ते_सोनं_गंगावेस:
कोरड्या लाइनींना पण ओरिजिनलच पाहिजे होता. नोंद घ्यावी.

लालभडक_टर्बो:
बूस्टरचा काढला काल रात्रीच. ब्रीदरचा पण उतरवला, आतनं फुगून भिंत सुजल्यासारखी झालीय आणि चिमटीत धरला तर बुंदीच्या लाडवागत दबतोय. फोटो टाकणार नाही, चिडवाल. बाकीचे मात्र लालच राहणार हां. ताई, एफकेएम लालमध्ये येतं का?

कंपाउंडवाली_गोकुळ_शिरगाव:
रंग कुठलाही घालता येतो दादा, पण दुकानात बहुतेक काळंच मिळेल. निपलचं माप घेऊन या, कॅलिपरनं, बोटानं नाही.