न्यू जर्सीत भेंडी नक्की कधी लावायची? फ्रॉस्ट डेटने गोंधळ झालाय

नमस्कार मंडळी,

यंदा अंगण असलेल्या घरात राहायला आलोय, एडिसनजवळ. मागच्या बाजूला भरपूर उन्हात एक वाफा केलाय. घरच्यांची फर्माईश भेंडीची, कारण दुकानातली निम्मी जून निघते. टोक मोडायला जावं तर नुसतं वाकतं.

वेबसाइटवर झिप कोड टाकला की शेवटच्या फ्रॉस्टची (रोपं मारणाऱ्या गोठवणाऱ्या थंडीची) तारीख एप्रिलअखेर दाखवते. शेजारच्या गुजराती काकी म्हणतात, मदर्स डेआधी (मेचा दुसरा रविवार) काही लावू नकोस. ऑफिसातला एकजण म्हणतो, मेमोरियल डेपर्यंत (मेचा शेवटचा सोमवार) थांब. आईला फोन केला तर ती म्हणे, "उन्हाळी भेंडी फेब्रुवारीत लावतात, त्यात विचारायचं काय?" परभणीत बसून तिचं बरोबरच आहे म्हणा!

फ्रॉस्ट गेला की लगेच बी टाकलं तर काय बिघडतं? घरात रोपं करून लावली तर जगतात का? आणि आई 'परभणी क्रांती' या भेंडीच्या वाणाचं बी पाठवते म्हणतेय, मागवू का?

प्रतिसाद १

फ्रॉस्ट डेट ही सरासरी आहे, त्यानंतरही एखादी रात्र दगा देते. पण भेंडीसाठी खरी तारीख मातीच ठरवते. माती ६५ फॅरनहाइटच्या वर हवी. गार, ओल्या मातीत बी रुजण्याऐवजी कुजतं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सकाळी दोन-तीन इंच खोल खुपसून बघा, आकडा सलग काही दिवस टिकला की बी टाका. रात्रीचं तापमानही ५५च्या खाली जात नसलेलं बरं. आपल्या भागात हे साधारण मेच्या उत्तरार्धात जमतं, म्हणजे तुमचा ऑफिसवाला जिंकला. उशीर होईल ही भीती नको: क्लेमसन स्पाइनलेस हे इथलं भेंडीचं वाण ५५-६० दिवसांत तोडणीला येतं आणि पहिला फ्रॉस्ट थेट ऑक्टोबरात.

बियाण्याच्या पाकिटावरच्या हवामान-पट्ट्याच्या (झोन) नंबरवरून तारीख काढू नका, तो फक्त हिवाळ्यातली नीचांकी थंडी सांगतो.

प्रतिसाद २

रोपं जगतात, पण भेंडीला सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की रोप रुसतं. वर्तमानपत्राच्या पुरचुंडीत किंवा पीट पॉटमध्ये (मातीत विरघळणाऱ्या कुंडीत) बी लावा आणि पुरचुंडीसकट जमिनीत ठेवा. लावणीआधी तीन-चार आठवडे पुरे. त्याहून आधी केलीत तर खिडकीत नुसती लांबुडकी होतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, दोन रोपांत फूटभर तरी अंतर ठेवा.

भारतातून बी पोस्टाने किंवा बॅगेतून नको. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) जप्त होतं. शिवाय परभणी क्रांतीचं मोठं कौतुक केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू) तोंड देण्यासाठी, आणि तो त्रास इकडे तसा नाही. इथलंच बी घ्या.

कुंपण केलंय ना? नसेल तर आधी ते करा. ग्राउंडहॉगला (बिळात राहणारा खारीच्या जातीचा मोठा प्राणी) कोवळी रोपं फार आवडतात.

धागाकर्ता

दोघांचे आभार! थर्मामीटर आहेच, उद्यापासून मोजतो. कुंपण नाहीये. जाळी किती उंच लागेल? आणि तो खालून उकरून येतो का?