ऑस्ट्रियातला मेडिकलचा कोटा: ७५-२०-५ न्याय्य आहे का?

नमस्कार मंडळी,

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. लेकीला व्हिएन्नात जागा मिळाली नाही. तिचं आबिटुर (बारावीसारखी शाळान्त परीक्षा) जर्मनीचं, त्यामुळे ती इतर युरोपीय संघातल्या (ईयू) मुलांसाठीच्या २० टक्क्यांच्या कोट्यात गेली आणि तिथला कटऑफ वर गेला. तिच्याहून कमी गुणांची मुलं ऑस्ट्रियन माटुराच्या (तिथल्या शाळान्त परीक्षेच्या) जोरावर ७५ टक्क्यांच्या कोट्यातून आत गेली. पेपर एकच, दिवस एकच, भाषाही एकच! जीवशास्त्र-रसायनशास्त्र तर ती करत होतीच, शिवाय रोज आठ खोटी ॲलर्जी-कार्डं पाठ करायची: चेहरा, जन्मतारीख, रक्तगट, कशाची ॲलर्जी. परीक्षेत स्मरणशक्ती तपासायला तेही विचारतात. युरोपात सीमा उरल्या नाहीत म्हणतात, मग शाळा सीमेच्या कुठल्या बाजूला होती यावर जागा का ठरावी? मला हा सरळ अन्याय वाटतो.

(म्युनिकहून)

*

ताई,

मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. तिची मेहनत कुठेच कमी पडलेली नाही. तरीही मी कोट्याच्या बाजूने लिहितोय, कारण इथे व्हिएन्नात रुग्णालयात रोज काम करताना डॉक्टरांची चणचण बघतो.

कोटा आला कुठून, ते आधी बघू. बाहेरून येणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या देशात त्याच विषयाला जागा मिळू शकते, असा पुरावा ऑस्ट्रिया पूर्वी मागत असे. जुलै २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली. लगेच जर्मनीत नुमेरुस क्लाउझुसमुळे (मर्यादित जागांमुळे लावलेल्या गुणांच्या कडक अटीमुळे) अडलेली मुलं मोठ्या संख्येने इकडे वळली. म्हणून २००६ मध्ये ७५ टक्के जागा ऑस्ट्रियन माटुरावाल्यांना, २० टक्के इतर ईयू, ५ टक्के बाकीचे, अशी वाटणी झाली. लक्षात घ्या, ७५ टक्क्यांसाठी बघतात ते शाळेचं प्रमाणपत्र, ऑस्ट्रियाचा पासपोर्ट नव्हे. आपल्या मराठी मंडळातल्या इथे शिकलेल्या मुलांना त्याचा फायदाच होतो.

मला हे पटतं ते एवढ्यासाठी की कोटा नुसता मागून मिळाला नाही. बेल्जियमनेही फ्रेंच विद्यार्थ्यांवर अशीच मर्यादा घातली होती. तेव्हा २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या आरोग्याला खरंच धोका आहे हे आकड्यांनी दाखवा, तरच चालेल. ऑस्ट्रियालाही शिकून परत जाणाऱ्यांचे आकडे वर्षानुवर्षं युरोपीय आयोगापुढे मांडावे लागले. २०१७ मध्ये आयोगाने मेडिकलचा कोटा मान्य केला, दंतवैद्यकाचा मात्र नाही! तो २०१९ पासून गेला. जिथे गरज सिद्ध झाली तिथेच कोटा राहिला.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. माटुरा इथली म्हणून मुलगा इथेच राहील, हा अंदाजच. इथले डॉक्टरही चांगल्या पगारासाठी स्वित्झर्लंड गाठतात. आपल्याकडचं महाराष्ट्रातलं मेडिकल प्रवेशाचं ७०:३० सूत्र आठवा: ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्या. मराठवाड्यातल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत ३० टक्क्यांतच झगडावं लागायचं, आणि त्याने मराठवाड्यात डॉक्टर टिकले का? २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. त्यापेक्षा सरळ बाँड घ्यावा. जर्मनीत नॉर्थ राइन-वेस्टफालियाने २०१९ पासून काही जागा, डॉक्टर झाल्यावर दहा वर्षं खेड्यात काम करण्याची हमी देणाऱ्यांना ठेवल्या आहेत. ऑस्ट्रियानेही सार्वजनिक सेवेसाठी मोजक्या जागा राखल्यात. त्या वाढाव्यात, आणि कोटा त्या प्रमाणात सैल व्हावा.

आणि राग बर्लिनवरही, म्हणजे जर्मन राज्यकर्त्यांवरही काढा. एवढ्या श्रीमंत देशाने स्वतःच्या हुशार मुलांना पुरतील एवढ्या मेडिकलच्या जागा काढायला नकोत?

(व्हिएन्नाहून)

*

दादा,

बर्लिनचं अगदी पटलं. कोट्याचं अजून नाही. मुलीने आपली शाळा कुठे असावी हे निवडलं नव्हतं, ते आमच्या नोकऱ्यांनी ठरवलं. दहा वर्षांचा बाँड लिहून द्यायला ती आज तयार आहे. त्या राखीव जागांना अर्ज कसा करायचा, माहिती असेल तर कळवा. दंतवैद्यकाचा कोटा उठलाय हे तिला आज सांगते, पण तिला बालरोगतज्ज्ञच व्हायचंय.