थ्री-नॉट-थ्री, ओतीव गोळ्या आणि नेक साइझिंग डाय: कुठली घ्यावी?

ओहायोकर_बंडू
नमस्कार मंडळी, माझ्याकडे इशापूरची नंबर १ मार्क ३ (.३०३ ची ली-एन्फील्ड रायफल) आहे, इथे अमेरिकेत सरप्लसमधून घेतलेली. रायफल फार जिवाची आहे, आपल्याकडच्या कारखान्यात बनलेली म्हणून जास्तच. फॅक्टरीची काडतुसं महाग पडतात म्हणून स्वतःच गोळ्या ओततो, २०० ग्रेन वजनाच्या गोळीचा साचा, वापरलेल्या व्हील वेटचं (गाडीच्या चाकाला लावायच्या वजनांचं) शिसं, मागे गॅस चेक (गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी), आणि ०.३१४ इंचाला साइझ करतो, म्हणजे त्या मापाच्या भोकातून दाबून काढतो.
आता अडचण अशी आहे की गोळी बसवताना पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तोंडाशी शिशाची बारीक चकती सोलून येते, अगदी पेन्सिलला टोक काढल्यासारखी, आणि बसवलेली एक गोळी इम्पॅक्ट पुलरने (गोळी काढायच्या हातोडीने) ठोकून बाहेर काढून मोजली तर ती ०.३११ भरली!! म्हणजे साइझरमधून ०.३१४ ची बनवलेली गोळी नेकमध्ये (पुंगळीच्या गोळी धरणाऱ्या मानेत) जाऊन दाबली गेली. टार्गेटवर भोकं सगळीकडे विखुरलेली आणि नळीत शिसं धरतंय ते वेगळंच. सध्या साधा फुल लेंथ डायचा (झाडलेली अख्खी पुंगळी दाबून परत मापात आणणारा) सेट वापरतो. शिवाय काही पुंगळ्यांना तळाच्या थोडं वर चकचकीत रेघ दिसायला लागलीय.
नेक साइझिंग डाय (फक्त नेक दाबणारी) घ्यायची हे ठरलंय, पण ली कंपनीची कॉलेट डाय घ्यावी, बुशिंगवाली घ्यावी की साधी? बॅरल स्लग केलं (नळीतून शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढला), व्हर्नियरने ०.३१३ आलं.

शिसंवाला_टेक्सास
बंडूभाऊ, आधी त्या रेघेचं बोलतो कारण ते जास्त महत्त्वाचं. ती रेघ म्हणजे पुंगळी तिथून फाटायची तयारी. ली-एन्फील्डचे चेंबर (काडतूस बसायची जागा) मुद्दाम ऐसपैस ठेवलेले, खंदकातल्या चिखलामातीतही काडतूस आत गेलं पाहिजे म्हणून, आणि .३०३ रिमवर (पुंगळीच्या तळाच्या कडेवर) हेडस्पेस घेतं, म्हणजे तिथे अडून बसतं, त्यामुळे खांदा (नेकखालचा उतार) पुढे कितीही मोकळा असला तरी रायफल चालते. तुम्ही फुल लेंथ डायने दर वेळी खांदा मागे ढकलता, मग बार केला की पितळ परत पुढे ताणलं जातं आणि तळाजवळ पातळ होत जातं. पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवा, पुंगळीत घाला आणि आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढत आणा. खाच लागली की ती पुंगळी थेट भंगारात, पुन्हा भरायची नाही.
म्हणून नेक साइझिंगचा निर्णय बरोबरच आहे. फक्त ब्रँडवरून डाय निवडू नका. साइझ झाल्यावर नेकचं आतलं माप काय उरतं, सगळा प्रश्न तेवढाच आहे. रेडीमेड डाय सगळ्या ०.३११-०.३१२ च्या जॅकेटवाल्या गोळीसाठी असतात, तिला तांब्याचं कवच असतं, ती नेकचं ऐकत नाही, उलट नेकच तिच्यापुरती मोठी होते. व्हील वेटचं शिसं कडकपणात १२ ब्रिनेलच्या आसपास, ते नेकसमोर हार मानणारच. तुमच्या ०.३१४ च्या गोळीला नेक आतून ०.३१२ हवी, म्हणजे दोन थाऊची (इंचाच्या हजाराव्या भागांची) पकड, बस.
लीची कॉलेट डाय यासाठी चांगली कारण ती नेक बाहेरून आवळून आतल्या मँड्रेलवर (गोल दांड्यावर) दाबते. आतलं माप मँड्रेल ठरवतं, पितळाची जाडी कमीजास्त असली तरी फरक पडत नाही, आणि वंगणही लागत नाही. पण सोबत येणारा मँड्रेल तुम्हाला बारीक पडणार, जाड मँड्रेल वेगळा मागवावा लागेल.

टूलरूम_सांगली
शिसंवाल्यांशी सहमत, पण भाऊ ते ०.३१३ कशाने मोजलंत तिथेच मला शंका आहे. आयुष्य टूलरूममध्ये गेलंय म्हणून सांगतो, एन्फील्डच्या नळीला आतून पाच ग्रूव्ह (खाचा). पाच म्हणजे विषम, स्लगवर एका बाजूला उंचवटा असेल तर बरोबर समोर खोलगा येतो, त्यामुळे व्हर्नियरचे दोन्ही जबडे कधीच उंचवट्यावर बसत नाहीत आणि माप खऱ्यापेक्षा कमीच येतं. व्ही-अँव्हिल (व्ही आकाराच्या आधाराचा) मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम, तोही पाच फ्लूटवाला, तीनवाला चालत नाही. नाहीतर स्लगला पातळ शिम पट्टी एक वेढा घट्ट गुंडाळा, वरून मायक्रोमीटरने मोजा आणि पट्टीच्या जाडीची दुप्पट वजा करा. या रायफलींच्या नळ्या ०.३१५ पर्यंतही निघतात, मग तुमची ०.३१४ ची गोळीच बारीक ठरेल आणि कुठलीही डाय घेतली तरी शिसं धरणारच. हे माप नक्की झाल्याशिवाय मँड्रेलवर पैसे घालू नका.
बुशिंगवाली डाय (बदलता येणाऱ्या कड्याने नेक आवळणारी) वाईट नाही पण ती बाहेरून माप धरते. समजा नेकची भिंत १२ थाऊ आहे, तर ०.३१४ अधिक दोन वेळा ०.०१२ म्हणजे ०.३३८, त्यातून दोन वजा, बुशिंग ०.३३६ चं. बुशिंगं एकेक थाऊच्या फरकाने मिळतात, तो प्रश्न नाही. पण दोन कंपन्यांच्या पुंगळ्या मिसळल्या आणि एकीची भिंत १४ थाऊ निघाली की त्याच बुशिंगमधून तीच नेक आतून चार थाऊ बारीक. एकाच लॉटच्या पुंगळ्या असतील तरच या भानगडीत पडा.

वॉशिंग्टनची_वहिनी
मला वाटतं साइझिंग डायवर इतकी चर्चा करायची गरजच नाही, खरं काम एक्सपांडर (नेक आतून मोठी करणारा) करतो. लायमन कंपनीची एम डाय बघा. तिच्या प्लगला दोन पायऱ्या असतात, पहिली पायरी नेकला आतून गोळीपेक्षा किंचित कमी मापाला आणते आणि दुसरी फक्त तोंडाशी थोडंसं, गोळीपेक्षा जरा मोठं करते. त्यामुळे गोळी हाताने ठेवली की सरळ उभी राहते आणि तळ न सोलता आत जाते. तुमची ती चकती तिथेच बंद होईल. ली कंपनीची युनिव्हर्सल एक्सपांडिंग डाय नुसतं तोंड फुलवते, आत नेक घट्टच राहते, म्हणून चकती थांबली तरी गोळी दाबली जाणं थांबत नाही. मात्र तिच्यात बसणारे एनओई कंपनीचे पायरीवाले प्लग मिळतात, हव्या त्या मापाचे, स्वस्तात काम होतं.
आणि नवीन नेक डाय घ्यायचे पैसे नसतील तर आहे तीच फुल लेंथ डाय प्रेसमध्ये थोडी वर घ्या, खांद्याला टेकणार नाही अशी, म्हणजे फक्त नेकचा बराचसा भाग साइझ होतो. पुंगळीवर मार्करने रेघा मारून बघा कुठवर पुसल्या जातात. मग एम डाय. गोळी बसवल्यावर तोंडाचं फुलवणं हलकेच परत मिटवायचं, घट्ट क्रिंप (गोळीवर तोंड आवळणं) अजिबात नको.

शिसंवाला_टेक्सास
वहिनी, एम डायबद्दल शंभर टक्के. फुल लेंथ डाय वर घेऊन चालतं हेही खरं, पण ती नेकला आधी गरजेपेक्षा खूप जास्त आवळते आणि मग प्लग तिला परत उघडतो, पितळाला दर वेळी दोनदा मार, नेक लवकर कडक होऊन चिरते. ॲनील (पितळ तापवून मऊ) करत असतील तर ठीक. कॉलेटमध्ये पितळ जेमतेम हलतं.
बंडूभाऊ, एक तपासणी डायच्याही आधी करा. बार झालेली, साइझ न केलेली पुंगळी घ्या, तिच्यात तुमची गोळी बोटाने सोडा. सहज आत गेली पाहिजे. अडकली तर चेंबरमध्ये नेकला फुलायला जागा उरत नाहीये, आणि तसं काडतूस झाडणं धोक्याचं, प्रेशर वाढतं. एन्फील्डमध्ये बहुधा जागा असते पण जाडी गोळी वापरताना गृहीत धरायचं नाही. पावडरचं प्रमाण इथे कोणाला विचारू नका, छापील मॅन्युअलमध्ये ओतीव गोळ्यांचं वेगळं कोष्टक असतं ते बघा.

ओहायोकर_बंडू
फारच मोलाची माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पेपरक्लिप लावून बघितलं, बऱ्याच पुंगळ्यांत खाच लागतेय, त्या बाजूला काढल्या. शिम पट्टी मागवतो. माझ्याकडे खडकीच्या कारखान्याची जुनी काडतुसंही आहेत, तळावर के एफ लिहिलेली, त्यांच्या पुंगळ्या भरता येतील का? खडकीत बालपण गेलंय हो, म्हणून ती वापरायची फार इच्छा आहे.

टूलरूम_सांगली
इच्छा समजते भाऊ, पण त्या बर्डन प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे तळातली ठिणगी देणारी टोपी). झाडलेल्या पुंगळीत टॉर्च मारून बघा, मध्ये एका भोकाऐवजी दोन बारीक भोकं दिसतील, आपल्या डायची डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) तिथे मोडते. शिवाय त्यांचा प्रायमर कोरोसिव्ह (गंज आणणारा), ती झाडलीत तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, नुसत्या तेलाने त्यातून उरलेलं मीठ जात नाही. आठवण म्हणून ठेवा ती. भरायला प्रवी पार्टिझान कंपनीच्या बॉक्सर (मध्ये एकच भोक असलेल्या) पुंगळ्या घ्या, सगळ्या एकाच लॉटच्या, आणि त्या फक्त याच रायफलला ठेवा, कारण नेक साइझ केलेली पुंगळी दुसऱ्या एन्फील्डच्या चेंबरमध्ये जाईलच असं नाही.

वॉशिंग्टनची_वहिनी
शिम लावून माप आलं की इथे टाका, त्यावरून प्लग कितीचा मागवायचा ते सांगते. आणि मँड्रेल आला की आधी एकच पुंगळी साइझ करा, गोळी बसवा, परत ठोकून बाहेर काढा आणि मोजा. ०.३१४ ची ०.३१४ च बाहेर आली तरच बाकीच्या करायला घ्या.